घरच्या कॉम्प्युटरचं आधुनिकीकरण

४ फेब्रुवारी, सोमवार

परवापर्यंत धडधाकट चालणारा कॉम्प्युटर मी सुधारल्यावर मंद का झाला? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. हे मी इथे, फक्त इथेच, कबूल करते. उद्या दुपारपर्यंत उत्तर मिळेल. मग ही ओळ खोडून टाकीन.

क्रमाने लिहिते. राज्यशास्त्र घेऊन बीए झालेल्या मुलीने घटनाक्रम सोडू नये.

सोळा तारखेला वहिनीची टायपिंगची परीक्षा आहे. घरबसल्या काम देणारी एक कंपनी आहे. परीक्षाही घरूनच, कॅमेऱ्यासमोर. पास झाली तर कायमचं काम. नापास झाली तर वर्षभर पुन्हा बसता येत नाही. वहिनीचं बारावीनंतर लगेच लग्न झालं. तेव्हापासून ती रोज घर जागं व्हायच्या आधी उठून टायपिंगचा सराव करते. घरातली पहिली पदवीधर म्हणून ही परीक्षा तिच्याएवढीच माझीही आहे. किंबहुना थोडी जास्तच.

म्हणून काल कॉम्प्युटरची तपासणी केली. तर काय! फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा पोटातला प्रोग्राम, तीन वर्षांपूर्वीचा. ड्रायव्हर, म्हणजे आवाज, वायफाय वगैरे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, त्याहून म्हातारे. असल्या अश्मयुगात वहिनी परीक्षा देणार होती! तिला विचारलं, तर म्हणते, ताई, चांगला चालतोय की. हीच ती मानसिकता. चांगलं चाललंय म्हणून किती समाज मागे राहिले.

एका बैठकीत सगळं अपडेट केलं. फर्मवेअर, स्क्रीन, आवाज, वायफाय, टचपॅड. एकही शिल्लक ठेवलं नाही. दादा दारात उभा राहून म्हणाला, डिग्री, चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये. (तो मला डिग्री म्हणतो. टोमणा असतो, पण वस्तुस्थितीही आहे.) दादा फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. बिघडल्याशिवाय त्याला कुणी बोलावत नाही. सुधारणा हा विषय त्याच्या अनुभवाबाहेरचा आहे.

आजची परिस्थिती: फोल्डरवर क्लिक करावं, उठून खिडकी लावून यावी, बसावं, तेव्हा फोल्डर उघडतं.

बाबा म्हणाले, एवढं भरलंस, जड होणारच. बाबा वजनकाट्यावर कामाला आहेत. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट ट्रक वाटते. सॉफ्टवेअरला वजन नसतं हे त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दात घासत होते तेव्हा वहिनी आली. ताई, सुरू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतंय आणि तिथेच थांबतंय, जरा बघता का, म्हणाली. तोंडात फेस, तरीही संयमाने विचारलं, खाली काय लिहिलंय? म्हणाली, F1 दाबा असं काहीतरी. मग दाब की! तिने दाबलं. पुढे गेलं.

इंग्रजी दिसलं की आपले हात आखडतात. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा न्यूनगंड आहे आणि तो निदान आपल्या घरातून तरी उपटून टाकायला हवा. स्क्रीनखाली चिठ्ठी चिकटवली: "इंग्रजी आलं तरी घाबरू नये. F1 दाबावे." आई, बाबा, वहिनी, तिघांनाही एकेकदा दाबायला लावलं. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांवर. आईने डोळे मिटून दाबलं. पण दाबलं. साक्षरता म्हणतात ती हीच.

कामाची विभागणीही करून टाकली. सुरू व्हायला आता फार वेळ लागतो. वहिनी तशीही आधी उठते. तर तिने सुरू करायचा, F1 दाबायचा, सराव करायचा आणि नाश्त्यानंतर माझ्या हवाली करायचा. दिवसा रीस्टार्ट करावा लागला तरी ते खातं तिच्याकडेच. मी तेवढ्यात चहा घेते. विचार करणाऱ्या माणसाने बटणं दाबत बसू नये.

(कालची ओळ अजून खोडलेली नाही. उद्या.)

६ फेब्रुवारी, बुधवार

टास्क मॅनेजर नावाची खिडकी सापडली. कॉम्प्युटरच्या आत कोण कोण काम करतंय त्याची यादी त्यात दिसते. पाहून हादरले. शे-दीडशे मंडळी! ना ओळख ना पाळख. आमच्याच घरात बसून आमचीच वीज खातात. सरळसरळ अतिक्रमण.

कारवाई सुरू केली. ज्याचं नाव कळत नाही तो गेला. दहाबारा उठवल्यावर हुरूप आला. तेवढ्यात स्क्रीन काळीकुट्ट. त्यांच्यातला एक जण स्क्रीन दाखवण्याचं काम करत होता असं दिसतं. नाव भलतंच लावून बसला होता, त्याला मी काय करणार.

आई म्हणाली, बंद पडला का गं? म्हटलं, प्रशासन थोडा वेळ ठप्प आहे. आई म्हणाली, म्हणजे बंदच ना. वहिनीने बटण दाबून बंद केला, परत सुरू केला, F1 दाबलं. सगळे अतिक्रमणवाले जसेच्या तसे हजर. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. 'नमस्कार मित्रांनो' म्हणतो आणि मग आपल्या मागच्या व्हिडिओबद्दल बोलत राहतो. मूळ मुद्द्यावर आला तेव्हा आमच्याकडे व्हिडिओच अडकला. त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याच्याकडे पाहून मला बरं वाटलं.

त्याने सांगितलेलं सगळं केलं. नको त्या फाइली काढल्या. नको ते प्रोग्राम काढले. नको त्यांत बाबांचा पत्त्यांचा डावही गेला. मला तो खरोखरच नको वाटला. बाबा संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे बसले, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, आजारी तो आणि पथ्य माझं? सार्वजनिक हितासाठी व्यक्तीला त्याग करावा लागतो, असं मी सांगितलं. बाबा जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते जेवताना कधीच बोलत नाहीत, पण आजचं न बोलणं वेगळं होतं.

वेगात फरक: नाही. फॅन मात्र शांत झालाय. कॉम्प्युटर इतका संथ चाललाय की त्याला घाम येत नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाने माझ्या अपरोक्ष कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ आला तो खांद्यानेच दार ढकलत, कानाला फोन. बसला नाही. कॉम्प्युटरकडे असं पाहिलं जसं नावडत्या नातेवाइकाकडे पाहावं. म्हणाला, फॉरमॅट मारू, सगळं पुसून कोरं. मी विचारलं, निदान काय? म्हणाला, फॉरमॅट. मी म्हटलं, आधी कारण सांगा. म्हणाला, ताई, कारण पण फॉरमॅटमध्ये जातं.

असे लोक देशाचा कणा आहेत म्हणतात. मणके सरकलेले आहेत.

मग त्याने विचारलं, फर्मवेअरला कुणी हात लावला का?  आई भांडी आवरायला लागली. बाबा नखं बघायला लागले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि छताकडे पाहिलं. मी म्हटलं, ते आपोआप झालं. हे खोटं नाही. बटण मी दाबलं, पण त्यापुढचं सगळं आपोआपच झालं.

फॉरमॅटला नकार देऊन त्याला घालवून दिलं. जाताना दादाला म्हणाला, शिकलेलं माणूस आहे का घरात? दादा म्हणाला, आहे. तो म्हणाला, वाटलंच.

दोघं जिन्यापर्यंत हसत गेले. माझा अंदाज आहे ते दुसऱ्या कशावर तरी हसत होते.

९ फेब्रुवारी, शनिवार

कुटुंबाची बैठक घेतली. विषय: कॉम्प्युटर आणि आपली जबाबदारी. उपस्थिती पूर्ण, कारण जेवणाची वेळ होती.

वहिनीने सांगितलं की टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उशिरा येतात. म्हणजे कशी, मी विचारलं. म्हणाली, बाजारात पोरं जशी मागून रेंगाळत येतात तशी. मी एक ओळ टाइप करते, गॅस बारीक करून येते, तेव्हा ती येऊन पोचलेली असते. तिला म्हटलं, याकडे संधी म्हणून बघ. संथ यंत्रावर ज्याचा हात बसतो त्याला जगात कुठेही अडचण येत नाही. वहिनी म्हणाली, ताई, पण परीक्षेत घड्याळ असतं.

दादा म्हणाला, माझ्या शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे, तिथे दे परीक्षा. मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. घराघरात स्त्रीच्या हक्काचं टेबल असावं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ती काय फ्रिजच्या गोदामात बसून स्वावलंबी होणार? स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर पाय आपल्याच घरात हवेत. दादा म्हणाला, तुझं भाषण संपलं की भाजी इकडे दे.

ठराव मंजूर: परीक्षा घरीच होईल. मी हात वर केला. बाकीच्यांचे हात खरकटे होते.

११ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलं नाही. निराशा वगैरे नाही, पाहुणे होते.

आज नवी दिशा. नवं नको, तर जुनं परत आणायचं. याला माघार म्हणत नाहीत, फेरविचार म्हणतात. एकेक ड्रायव्हर मागे नेला. आवाजाचा मागे नेला, आवाज गेला. वायफायचा नेला, इंटरनेट गेलं. आता इंटरनेट नाही म्हणून इंटरनेटवरचा ड्रायव्हर मिळत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट मिळत नाही. शेवटी दादाच्या फोनवरून उतरवून घेतला. तो उपकार केल्यासारखा सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

टचपॅडही हटून बसलाय. बोट खाली नेलं की पान वर जातं. वहिनी म्हणाली, होईल सवय. ही मुलगी कशालाही सवय करून घेते. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

फर्मवेअरही मागे न्यायचं ठरवलं. तयारी पक्की. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की अर्धा तास कुणी वायरला हात लावायचा नाही. (बॅटरी कधीच वारली आहे, वायर निघाली की कॉम्प्युटर गप्पकन बंद. चार्जरही मूळचा जळाला, आता दादाने आणलेला 'सगळ्यांना चालतो' म्हणणारा आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिना असलेला. मी त्याला सर्वपक्षीय चार्जर म्हणते. वर्षभर बिनबोभाट चालतोय.) आई तर पंख्याचं बटणही दाबेना. घामाघूम बसून राहिली.

बटण दाबलं. उत्तर आलं: जुन्या आवृत्तीत परत जाण्याची परवानगी नाही.

म्हणजे पक्षांतरबंदी! पुढे उडी मारायला मुभा, परत यायला बंदी. कंपनीचा तीव्र निषेध. इथेच नोंदवते, कारण कंपनीच्या वेबसाइटवर निषेधाचं पान उघडेना.

आईने विचारलं, आता पंखा लावू का?

१३ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी रंगीत तालीम. परीक्षा देते तशी वहिनी ताठ बसली. पास व्हायला मिनिटाला पस्तीस शब्द लागतात. एरवी तिचे चाळीसच्या वर जातात. आज अकरा. तिची बोटं नेहमीसारखीच पळत होती. पण कॉम्प्युटर मधेच श्वास घ्यायचा, मग चार अक्षरं एकदम ओकायचा, दोन गिळायचा.

वहिनीने कळफलकावरून ओढणीचं टोक फिरवलं, उठली, आणि न सांगता पीठ मळायला घेतलं. रात्रीच्या जेवणाला अजून अवकाश होता. फार जोरात मळत होती.

तिला धीर द्यावा म्हणून मागून गेले आणि म्हटलं, अकरा ही सुरुवात आहे. ती म्हणाली, हो ताई.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीच्या मदत केंद्राला फोन. आधी बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग संगीत. मग तीच बाई, तेच महत्त्व. शेवटी एक जिवंत मुलगा आला. पाठ केलेले प्रश्न पोपटासारखे विचारत होता. उत्तर ऐकायच्या आधीच पुढचा प्रश्न तोंडात तयार.

म्हणाला, मॅडम, चार्जर ओरिजिनल आहे का? मला त्याचा सूर आवडला नाही. साध्या घरातली माणसं दिसली की आधी चोर समजायचं! म्हटलं, आमच्या घरी सगळं ओरिजिनल आहे.

म्हणाला, सुरू करताना स्क्रीनवर काही मेसेज येतो का? म्हटलं, छे. पुन्हा म्हणाला, नक्की? म्हटलं, हे बघा, मी पदवीधर आहे. मेसेज आला असता तर मी वाचला असता.

याच वेळी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हात हलवत काहीतरी सांगत होती. तिला बोटाने गप्प केलं. इंग्रजीत बोलणं चालू असताना मधे बोलू नये, ओळ तुटते. ती तरी दोनदा म्हणाली, ताई, ते सकाळचं. सकाळचं दूध की काय ते नंतर बघता आलं असतं.

मुलगा म्हणाला, मग मॅडम, फॉरमॅट करून बघा.

एकजात सगळे. झाकावा एक, काढावा दुसरा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या परीक्षा. आज मी सर्वस्व पणाला लावलं. डेस्कटॉपवरचं चित्र काढून काळा रंग केला, चित्राचा भार नको. घड्याळ सोडून सगळं बंद केलं. कॉम्प्युटरखाली दोन डब्यांची झाकणं ठेवून तो उचलला, हवा खेळती राहावी. टेबलाची दिशा बदलली. याला शास्त्रीय आधार नाही, पण उजेड डावीकडून येतो.

सगळं झाल्यावर मोजलं. तेरा शब्द. अकरावरून तेरा म्हणजे जवळपास वीस टक्के वाढ. कुठलंही सरकार एवढ्यावर निवडणूक जिंकेल.

वहिनीला म्हटलं, निश्चिंत झोप, उद्या मी शेजारी बसेन. ती म्हणाली, ताई, तुम्ही फार केलंत. आता पुरे. तिचे डोळे भरून आले होते. कृतज्ञता ही अशी, बोलता येत नाही.

आईने वहिनीचा चांगला ड्रेस इस्त्रीला काढला. परीक्षा घरात, तरी इस्त्री. कॅमेरा असतो म्हणून असेल. दादा स्कूटर पुसत होता. त्याला नको तेव्हा टापटीप सुचते.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ८

घर गप्प. वहिनी दिसत नाही. दादा दिसत नाही. बाबांची आज दुपारपाळी, तरी सकाळीच कामावर गेलेत. आईला विचारलं. आई गॅसकडे तोंड करून म्हणाली, गेली. कुठे? दादाच्या शेठच्या ऑफिसात. परीक्षा तिथेच देणार आहे. तुझी झोप मोडू नये म्हणून हळूच गेली दोघं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं? आई म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. मग गॅस बारीक करून म्हणाली, तिला वर्षभर थांबायला लागलं असतं गं.

सकाळी ८.३०

ठराव मंजूर झाला होता. माझ्याकडे तारखेसह नोंद आहे. विश्वासघात, दुसरा शब्द नाही. पाठीमागून, स्कूटरवरून, इस्त्रीचा ड्रेस घालून. ज्यांच्यासाठी आपण झिजतो तेच गोदामात पळून जातात. समाजसुधारकांच्या वाट्याला हे नेहमीच येतं, पण त्यांना निदान बाहेरचे लोक छळायचे.

ठरवलं: कॉम्प्युटर सुरू करून स्वतः टाइप करणार. पस्तीस शब्द काढून दाखवणार. संध्याकाळी आकडा सगळ्यांपुढे ठेवणार, एक अक्षर न बोलता.

सकाळी ९

सुरू केला. अपडेटनंतर पहिल्यांदाच माझ्या हाताने.

काळी स्क्रीन आली. इंग्रजीत तीन ओळी. मोठ्या, पांढऱ्या, स्वच्छ. मी वाचल्या. चष्मा पुसून परत वाचल्या. अर्थ असा:

लावलेला चार्जर ओळखता येत नाही. योग्य चार्जर जोडेपर्यंत कॉम्प्युटर मुद्दाम कमी वेगाने चालवला जाईल. पुढे जाण्यासाठी F1 दाबा.

जुन्या फर्मवेअरला सर्वपक्षीय चार्जर चालत होता. नव्याला चालत नाही. तो पहिल्या सकाळपासून हेच सांगतोय. सोप्या इंग्रजीत. शाळेतल्या मुलाला कळेल अशा.

 आई हात पुसत आली, स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, घाबरू नकोस. F1 दाब.

संध्याकाळ

वहिनी आली. निकाल सोमवारी. पेपर कसा गेला विचारलं नाही, तरी तिनेच सांगितलं. ऑफिसभर तेलाचा वास होता, मागे कुणीतरी कॉम्प्रेसर ठोकत होतं, पण अक्षरं लगेच येत होती. म्हणाली, ताई, बोट ठेवलं की अक्षर! मी दोनदा दचकले.

मी म्हटलं, छान. माझं डोकं दुखत होतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

जेवताना जाहीर केलं की मूळ कारण हाती लागलं आहे. चार्जर आणि नव्या फर्मवेअरमधली तांत्रिक विसंगती. दादा म्हणाला, तुला कसं कळलं? म्हटलं, अभ्यासाने. म्हणाला, कुठे अभ्यासलंस? शेवटी सांगावं लागलं. सुरू करताना लिहून येतं.

कुणी जेवेना. दादा म्हणाला, म्हणजे तो रोज बोंबलून सांगत होता आणि आपण सगळे मिळून त्याचं तोंड दाबत होतो? बाबांना ठसका लागला. आई त्यांच्या पाठीवर थापटत होती आणि स्वतःच हलत होती. दादा तर ताट बाजूला सारून आडवाच झाला. मी बाबांना आणि दादाला पाणी दिलं.

फक्त वहिनी हसली नाही. म्हणाली, मला त्यातला चार्जर शब्द कळला होता. तुम्ही फोनवर होतात तेव्हा मी तेच सांगत होते. मग वाटलं, ताईंना माहीतच असेल. शिकलेल्या आहेत, त्यांनी विचार करूनच F1 म्हटलं असेल.

टोमणा असता तर उलट उत्तर देता आलं असतं. तिने अगदी सरळ मनाने म्हटलं. दादाचं सगळं हसणं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. भाजी कशाची होती तेही आठवत नाही.

दुपारी दादाने कंपनीचा चार्जर आणला. लावला. कॉम्प्युटर असा पळायला लागला जसं मधे काही झालंच नव्हतं. मला त्याचा थोडा राग आला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी पास. बेचाळीस शब्द. बुधवारपासून काम. आईने देवासारखे त्या शेठचे आभार मानले. फोनवर, उभी राहून.

मी बाबांचा पत्त्यांचा डाव परत टाकून दिला. ते म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने हाक मारून म्हणाले, ये, एक डाव खेळ. तो एकट्याने खेळायचा डाव आहे. तरी मी शेजारी बसले.

२० फेब्रुवारी, बुधवार

वहिनीच्या कामाचा पहिला दिवस. सकाळी टेबलाशी बसली होती. मी मागे उभी, काही अडलं तर असावं म्हणून. काही अडत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यात निळी चौकट उगवली: फर्मवेअरची आणखी नवी आवृत्ती उपलब्ध आहे. महत्त्वाची सुरक्षा सुधारणा. आत्ता करू की नंतर?

सुरक्षा! ही गोष्ट साधी नाही. मागच्या वेळी जे झालं ते चार्जरमुळे, अपडेटमुळे नाही, हे कुणीही विचार केला तर मान्य करील. आणि आता चार्जर योग्य आहे. माझा हात पुढे गेला होता. कधी गेला मला कळलं नाही.  वहिनीने दोन्ही हात कळफलकावर पसरून ठेवले, उकळत्या दुधाजवळ आलेल्या पोराला आडवं व्हावं तसे.

मी हात मागे घेतला. चष्मा सारखा केला.

आमच्या घरी कॉम्प्युटरमध्ये बदल करायची परवानगी माझ्या एकटीच्या खात्याला होती. कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती. तिच्या जेवणाच्या सुट्टीत ती तिच्या नावावर केली. माझं खातं आता साधं आहे, पत्ते खेळण्यापुरतं. पासवर्ड तिने टाकला, तेव्हा मी पाठ करून उभी होते. म्हणाली, ताई, सांगून ठेवू का? कधी लागला तर?

मी म्हटलं, नको.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की हा निर्णय मी स्वतःहून घेतला. सगळ्यांनी ताबडतोब मान्य केलं. दादानेसुद्धा.